वापरलेला लाइव्ह रॉक: सफाई आणि क्युअरिंगबद्दल नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरात कुणी मरीन टँक (समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक) मोडला की त्यातले दगड दुसऱ्या कुणाच्या घरी जातात, आणि आठवडाभरात प्रश्न यायला लागतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरं वाचण्याआधी एक निर्णय घ्या: हातातल्या दगडातला जीव वाचवायचा आहे, की सगळं मारून दगड कोरा करायचा आहे? दोन्ही वाटा चांगल्या आहेत. फसतात ते दोन्हींच्या मध्ये अडकणारे. अर्धवट घासलेला आणि अर्धवट मेलेला दगड टँकमध्ये जातो आणि महिनोन्महिने आतून सडत राहतो.

१. लाइव्ह रॉक म्हणजे नेमकं काय? दगड जिवंत कसा असेल?

दगड स्वतः जिवंत नसतो, त्याच्यावरची आणि आतली वस्ती जिवंत असते. मूळ दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे प्रवाळ आणि शंखशिंपल्यांच्या सांगाड्यांपासून झालेला चुनखडीचा सच्छिद्र गोळा. बाहेरच्या थरात, जिथे ऑक्सिजन पोहोचतो तिथे, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. खोलवरच्या छिद्रांत ऑक्सिजन कमी असतो. तिथले जिवाणू नायट्रेट फोडून नायट्रोजन वायू करतात आणि तो पाण्याबाहेर निघून जातो. मरीन टँकचा खरा फिल्टर हाच आहे. म्हणून दगड हातात घेतल्यावर हलका वाटला पाहिजे. जड, घट्ट दगडात वस्तीला जागाच नसते.

२. क्युअरिंग आणि सायकलिंग एकच ना?

नाही. क्युअरिंग म्हणजे दगडातली मेलेली, सडणारी घाण पूर्ण बाहेर पडेपर्यंत तो वेगळ्या टबात ठेवणं. सायकलिंग म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची फौज तयार होणं. जिवंत दगडात दोन्ही गोष्टी एकदमच घडतात, म्हणून गोंधळ होतो. ब्लीच केलेल्या दगडात मात्र जिवाणू एकही उरलेला नसतो. तिथे सफाई संपली की सायकल शून्यापासून सुरू होते (प्रश्न १५ पाहा).

३. जुना दगड घ्यावा, की सरळ नवा ड्राय रॉक विकत घ्यावा?

दोन महिने थांबायची तयारी असेल तर जुना घ्या, असं मी मनापासून सांगेन. पैसे वाचतात, आकार नैसर्गिक मिळतात. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे: पुन्हा वापरात आलेल्या दगडामुळे समुद्रातला एक दगड जागेवर राहतो. पण जुन्याची सफाई आणि क्युअरिंग करायला वेळ नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. मानवनिर्मित कोरडा दगड घ्या. तोही धुवावा लागतो आणि त्याचीही सायकल शून्यापासून होते (प्रश्न १५), पण त्यात दुसऱ्याच्या टँकचा इतिहास नसतो.

४. भाऊ, दगड बघायला जातोय. काय विचारू?

पहिला प्रश्न तांब्याच्या औषधाचा. या टँकमध्ये माशांच्या आजारावर कॉपर टाकलं होतं का? उत्तर "हो" असेल किंवा समोरचा अडखळला, तर प्रश्न १९ वाचूनच पुढे जा. दुसरा प्रश्न: टँक अजून चालू आहे की बंद पडून किती दिवस झाले? तिसरा: शेवाळाचा किंवा कुठल्या किडीचा त्रास होता का?

मग डोळ्यांनी बघा. तपकिरी, काडीसारख्या पायावर उभी असलेली, स्पर्श होताच आत ओढली जाणारी छोटी फुलं दिसली तर ते एप्टेशिया, म्हणजे झपाट्याने पसरणारं त्रासदायक समुद्रफूल. काचेच्या मण्यासारखे हिरवे गोळे म्हणजे बबल अल्गी, हेही शेवाळच. पिसासारखं गर्द हिरवं शेवाळ बहुधा ब्रायोप्सिस. गंजाचे डाग असतील तर आत खिळा किंवा तार आहे. शेवटी वास घ्या. चांगल्या जिवंत दगडाला खाऱ्या, ओलसर मातीसारखा वास येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत कुजणं सुरू झालंय.

५. मित्राचा टँक चालू आहे, आजच दगड काढून आणतोय. धुऊन टाकू ना?

नळाच्या पाण्याने अजिबात नाही. नळातलं क्लोरीन आणि गोडं पाणी दोन्ही मिळून वस्ती मारतील, आणि चांगला दगड तुमच्याच हातून खराब होईल. त्याच टँकचं खारं पाणी झाकणाच्या बादलीत घ्या आणि दगड त्यात बुडवून आणा. शहरातल्या शहरात, मनीषनगरहून कोराडी रोडपर्यंतचं अंतर असलं तरी काही बिघडत नाही. फक्त मे महिन्यात भर दुपारी बंद गाडीत बादली ठेवू नका. सकाळी लवकर आणा.

घरी आल्यावर त्याच खाऱ्या पाण्यात दगड जोराने हलवा, छिद्रांत पाणी मारून आतला गाळ काढा. घासायची गरज नाही. त्यानंतरही थेट मुख्य टँकमध्ये टाकू नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या परजीवीच्या गाठी दगडाला चिकटून येतात. मासे नसलेल्या वेगळ्या टबात दगड दोन-अडीच महिने ठेवला की यजमान न मिळाल्याने तो परजीवी संपतो. तेवढ्या काळात लपलेले किडेही बाहेर येतात. तुमच्या टँकमध्ये अजून मासेच नसतील तर हाच काळ टँकमध्ये काढला तरी चालेल.

६. मुंबईहून पार्सलने दगड मागवले. पेटी उघडली तर भयंकर वास. सगळं गेलं का?

सगळं नाही. मुंबई इथून रेल्वेने आठशेहून जास्त किलोमीटर. पार्सल रात्रभर प्रवास करतं, मग फलाटावर पडून राहतं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले स्पंज आणि मऊ जीव त्यात मरतात, पण छिद्रांतले जिवाणू बरेच टिकतात. हा दगड वाचवण्यासारखा आहे.

दगड खाऱ्या पाण्यात खळबळा. पांढरा बुळबुळीत थर, काळे पडलेले स्पंज, कुजलेले तुकडे जुन्या दातघासणीने आणि चिमट्याने काढा. जे मेलंय तेच काढायचं, जांभळा-गुलाबी कठीण थर ठेवायचा. मग टबात क्युअरिंगला लावा (प्रश्न ११). पहिल्या आठवड्यात अमोनिया चढणारच. तो २ पीपीएमच्या (लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम) वर गेला की निम्मं पाणी बदला. उरलेले चांगले जीव त्याच विषात मरू देऊ नका. असा दगड साधारण ३ ते ६ आठवड्यांत ठीक होतो. मागवताना मात्र एप्रिल-मे टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा योग्य काळ.

७. माळ्यावर दोन-तीन वर्षं कोरडे पडलेले दगड मिळाले. ते तर मेलेलेच आहेत, मग नुसतं धुऊन चालणार नाही का?

चालणार नाही. कोरडा दगड वरून स्वच्छ दिसतो, पण छिद्रांत वाळलेले किडे, स्पंज, शेवाळ तसंच असतं. पाण्यात गेलं की ते फुगतं आणि कुजायला लागतं. शिवाय जुन्या टँकचं फॉस्फेट (शेवाळाचं खतच ते) दगडात बसलेलं असतं, त्याबद्दल प्रश्न १६.

क्रम असा: कडक ब्रशने घासणं, नळाच्या पाण्याचा जोराचा फवारा (आधी प्रश्न १० मधली विषाची सूचना वाचा), ब्लीच, भरपूर धुणं, क्लोरीन काढणं, कडक उन्हात वाळवणं, गरज असेल तरच ॲसिड, मग आरओच्या पाण्यात भिजत ठेवून फॉस्फेट मोजणं, आणि शेवटी खाऱ्या पाण्यात सायकल. या कामात नागपूरचं ऊन आपला मोठा मित्र आहे. मार्च ते मेमध्ये गच्चीवर तीन-चार दिवस उलटसुलट करून ठेवलेला दगड आतपर्यंत सुकतो. पावसाळ्यात तोच दगड आठवडाभर ओलसर राहतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. काढलंच तर भिजत घातलेल्या गोड्या पाण्याच्या टबावर जाळी बांधा. डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या पाण्यात होतात.

८. ब्लीच कोणतं आणि किती? घरी टीसीएल पावडर आहे, ती टाकू?

साधं द्रव ब्लीच घ्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. सुगंधी, फेसाळ किंवा साबण मिसळलेलं नको. साबण छिद्रांतून निघता निघत नाही. ४ ते ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर ब्लीचला १० लिटर पाणी. दगड पूर्ण बुडवून दोन ते पाच दिवस ठेवा, रोज हलवा. मधेच ब्लीचचा वास गेला याचा अर्थ ते घाणीवर खर्च झालं. पाणी फेकून नवं मिश्रण करा.

आपल्याकडे एक अडचण कायम येते. हायपोक्लोराइट उष्णतेने आपोआप कमजोर होतं. उन्हाळाभर दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली पडलेल्या कॅनमध्ये लेबलावर लिहिलेली ताकद उरलेली नसते. पॅकिंगची तारीख बघून ताजं घ्या.

टीसीएल पावडर म्हणजे चुन्यावर बसवलेलं क्लोरीन. विहिरीसाठी ती उत्तम, पण तिचा न विरघळणारा चुन्याचा गाळ दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतो. द्रव ब्लीच मिळत असताना ती वापरू नका.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं आहे. सडलेला, अमोनियाने भरलेला दगड तसाच ब्लीचमध्ये टाकला तर क्लोरामिनची विषारी वाफ निघते. आधी साध्या पाण्याने नीट धुवा, आणि काम गच्चीवर किंवा अंगणात करा, बाथरूममध्ये नाही.

९. ब्लीच पूर्ण गेलं हे कळणार कसं? आणि मग ॲसिड लावायलाच हवं का?

आधी ब्लीच. दोन-तीन पाण्यांनी दगड धुवा, मग क्लोरीन मारणाऱ्या द्रावात चोवीस तास भिजवा. माशांच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते, किंवा सोडियम थायोसल्फेट, ज्याला लोक हायपो म्हणतात. नंतर वाळवा. वाळलेला दगड पुन्हा साध्या पाण्यात एक रात्र ठेवा आणि त्या पाण्याची ओटी टेस्ट करा. गावोगावी नळाच्या पाण्याची करतात तीच. पिवळा रंग आला तर क्लोरीन अजून आहे. नाकावर विसंबू नका, कारण ब्लीचच्या सवयीने नाक दोन दिवसांत बधिर होतं.

आता ॲसिड. बहुतेकांना लागत नाही. ब्लीच सेंद्रिय घाण जाळतं, पण चुनखडीला चिकटलेलं फॉस्फेट त्याला हलत नाही. ॲसिड दगडाचा वरचा थरच विरघळवतं आणि त्या थरातलं फॉस्फेट त्याच्यासोबत जातं. म्हणून फॉस्फेट खूपच जास्त निघालं किंवा छिद्रं चुन्याने बुजली असतील तरच हा उपाय करा.

हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुवायचं म्हणून मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. रंगीत, जाडसर टॉयलेट क्लीनर घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनंतर ॲसिड घेताना ओळखपत्र दाखवावं लागतं आणि कारण सांगावं लागतं. दुकानदाराने विचारलं तर चिडू नका, तो त्याचं काम करतोय. प्लास्टिकच्या टबात आधी पाणी, मग त्यात हळूहळू ॲसिड, १० ते २० भाग पाण्याला १ भाग. उलटं कधीही नाही. दगड सोडला की फेस येतो. फेस थांबला की ॲसिड संपलं. साधारण ३० टक्क्यांचं १ लिटर ॲसिड जवळजवळ अर्धा किलो दगड खातं आणि शंभर लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणून उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून काम करा. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि मुलं-कुत्री घरात. शेवटी खाण्याचा सोडा टाकून उरलेलं ॲसिड शमवा.

ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. एकाच टबात नाही आणि एकाच नालीत लागोपाठही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच झालेला दगड क्लोरीन काढून, वाळवूनच ॲसिडकडे न्या.

१०. एवढं सगळं करण्यापेक्षा दगड मोठ्या गंजात (पातेल्यात) उकळून काढला तर?

नको. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पॅलिथोआ आणि काही झोअँथिड या मऊ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. निसर्गातल्या सगळ्यात तीव्र विषांपैकी ते एक आहे, आणि उकळल्याने ते संपत नाही, तर वाफेसोबत घरभर पसरतं. परदेशात असे दगड उकळल्यामुळे अख्खी कुटुंबं इस्पितळात गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. दगडावर बटणांसारखे चामडी गोळे दिसले, मेलेले असले तरी, तर तो कोरडा घासू नका, प्रेशर वॉशर मारू नका, ओव्हन-मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. हातमोजे आणि गॉगल घालून पाण्याखालीच ते गोळे काढा आणि दगड ब्लीचमध्ये घाला. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्यावर सोपवा. काम केल्यावर तोंडाला धातूची चव, खोकला, ताप, अंग दुखणं, धाप असं काही जाणवलं तर थेट दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना "मरीन टँकमधल्या प्रवाळाचं विष" असं स्पष्ट सांगा. एरवी ते फ्लू समजतील.

विष नसलं तरी ओव्हनमध्ये दगड फुटतो. बंद छिद्रात अडकलेलं पाणी वाफ होऊन त्याला फोडतं.

११. क्युअरिंगचा टब कसा लावायचा?

शंभर लिटरचा साधा प्लास्टिकचा टब किंवा धुतलेला निळा ड्रम पुरतो. रसायनाचा जुना ड्रम नको. तळाशी पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकून त्यावर दगड सुटे-सुटे ठेवा, खालूनही पाणी फिरलं पाहिजे. एक चांगला पॉवरहेड (पाणी फिरवणारा बुडता पंप), पाण्याचा वरचा थर ढवळला जाईल असा. स्किमर (फेसासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र) असेल तर जिवंत दगडासाठी तो लावाच. लाइट लावू नका. अंधारात शेवाळ मरतं, जिवाणूंना उजेड लागतच नाही.

समुद्री मीठ १०० लिटरला साधारण साडेतीन ते पावणेचार किलो, घनता १.०२५, तापमान २५ ते २७ अंश. आठवड्यातून एकदा तळाचा गाळ नळीने ओढून तेवढं पाणी बदला. गाळ दिसतोय म्हणजे दगड घाण सोडतोय, काम नीट चाललंय. गाळ येणं थांबलं, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकले, नाक जवळ नेलं तरी काही खटकलं नाही, की दगड तयार.

वीज गेली तर जिवंत दगडाच्या टबात ऑक्सिजन काही तासांत घसरतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा किंवा पॉवरहेड इन्व्हर्टरवर घ्या.

१२. पाणी कुठलं वापरू? नळाचं, बोअरचं की घरच्या आरओचं?

ब्लीच, घासणं, पहिली धुणी यासाठी महापालिकेचं नळाचं पाणी उत्तम. पेंच आणि कन्हानचं हे पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेलं असतं. बोअरचं पाणी फक्त अगदी पहिल्या धुण्याला. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं आणि बऱ्याच वस्त्यांत नायट्रेटही जास्त निघतं.

खारं पाणी करायला मात्र टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्याच्या जवळ हवा. घरच्या आरओत चव सुधारायला मिनरल किंवा टीडीएस कंट्रोलर बसवलेला असतो, तो थोडं मूळ पाणी परत मिसळतो. तंत्रज्ञाला सांगून मेंब्रेनच्या लगेच नंतर एक नळी काढून घ्या, त्यापुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरणाऱ्या दाण्यांचा) डबा लावा.

१३. क्युअरिंगपुरतं खडे मीठ चालेल का? समुद्री मीठ फार महाग पडतं.

ब्लीच आणि फॉस्फेट काढायच्या टप्प्यात मीठच लागत नाही, तिथे पैसे वाचवा. जिवाणू वाढवायच्या टप्प्यात खडे मीठ चालत नाही. त्यात जवळजवळ फक्त सोडियम क्लोराइड असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट हवं तेवढं नसतं. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्याची क्षारता खातात. ती नसली तर पीएच कोसळतो आणि सायकल अडकते.

१४. मे महिन्यात टबचं पाणी ३३-३४ अंशांवर जातंय. थंडीत उलट. काय करू?

उन्हाळ्यासाठी साधा टेबल फॅन घ्या, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा. बाहेर ४५ अंश असताना नागपूरची हवा अतिशय कोरडी असते. पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना टब थंड करतं. मुंबईवाल्यांना जे चिलरशिवाय जमत नाही ते इथे एप्रिल-मेमध्ये पंख्यावर बऱ्याच अंशी भागतं. मात्र उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. रोज खुणेपर्यंत साधं आरओचं पाणी भरा, खारं नाही. हाच पंखा जुलैमध्ये दमट हवेत फारसं काही करत नाही, हेही लक्षात ठेवा.

कूलरच्या खोलीत टब ठेवणं चांगलं, पण कूलरच्या झोताच्या समोर नको. त्या झोतासोबत धूळ आणि बोअरच्या पाण्याचे तुषार येतात. पश्चिमेची गॅलरी तर मार्च ते जून विसराच. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि कुजणं वेगाने होतं, त्यामुळे तापलेल्या टबात जिवंत दगडाचं नुकसान दुप्पट होतं. ब्लीच केलेल्या दगडाला थोडी उष्णता फारशी बाधत नाही.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खाली येतो. हीटरशिवाय जिवाणू जवळजवळ थांबतात आणि लोकांना वाटतं दगडातच खोट आहे. शंभर लिटरला १०० वॅटचा हीटर पुरे. टब उघड्या गच्चीवर असेल तर तो आत घ्या.

१५. ब्लीच केलेला दगड तीन आठवडे टबात आहे, अमोनिया कायम शून्य. म्हणजे तयार झाला ना?

शून्य असण्याची दोन कारणं असतात. एक, जिवाणू सगळं पचवतायत. दोन, टबात अमोनियाच नाही, म्हणून जिवाणूही नाहीत. स्वच्छ ब्लीच केलेल्या दगडाच्या बाबतीत बहुतेकदा दुसरंच खरं असतं.

म्हणून त्यांना खायला घाला. शुद्ध अमोनियम क्लोराइड १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास जातो. हाच आपला नवसागर, पण कल्हईसाठी बाजारात मिळणारा नको, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. सोबत बाटलीतले जिवाणू किंवा चालू, निरोगी टँकमधला मुठीएवढा दगड टाका. टाकलेला अमोनिया आणि त्यातून झालेलं नायट्राइट चोवीस तासांत दोन्ही शून्य झालं, आणि हे लागोपाठ दोनदा झालं, की दगड तयार. बहुधा ४ ते ८ आठवडे लागतात.

१६. पाणी बदलतोय, बदलतोय, पण फॉस्फेट पुन्हा वर येतं. किट खराब आहे का?

किट ठीक असावं. कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसतं, आणि सच्छिद्र दगडात पृष्ठभाग प्रचंड असतो. मुरलेल्या लोणच्याची फोड वरून कितीही धुतली तरी आतलं मीठ जात नाही, तसंच हे. पाणी बदललं की दगड पाण्याशी समतोल साधायला आतलं फॉस्फेट पुन्हा सोडतो. म्हणून पाणी बदलल्या बदलल्या केलेली चाचणी काहीच सांगत नाही.

मोजायची रीत अशी: शून्य फॉस्फेटच्या ताज्या पाण्यात दगड ठेवा, पाणी फिरतं ठेवा, सात दिवस काही बदलू नका, मग मोजा. ०.१ पीपीएमच्या आत आलं तर पुढे चला. ०.५ च्या वर असेल तर भिजवणं आणि पाणी बदलणं चालू ठेवा, किंवा आयर्न ऑक्साइडचं फॉस्फेट शोषणारं माध्यम पिशवीत घालून पाण्याच्या प्रवाहात ठेवा. लँथॅनम क्लोराइड वेगाने काम करतं, पण त्याचा पांढरा गाळ बारीक फिल्टरने धरावा लागतो. ते टबातच वापरा, मासे असलेल्या टँकमध्ये नाही. दोन आणि त्याहून जास्त पीपीएम आलं तर ॲसिड (प्रश्न ९).

फॉस्फेट अगदी शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. प्रवाळालाही थोडं लागतं.

१७. जिवंत दगडावर चार-पाच एप्टेशिया आहेत. ब्रशने खरवडून काढू?

खरवडलं की एकाचे दहा होतात. पायाचा मागे राहिलेला छोटा तुकडाही नवा जीव तयार करतो. चार-पाचच असतील तर चुन्याच्या निवळीसाठी वापरतात त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने थेट त्याच्या तोंडावर सोडा, पाण्याचा प्रवाह बंद ठेवून. दगडभर पसरले असतील तर तो दगड वाचवण्याच्या यादीतून काढा आणि प्रश्न ७ च्या वाटेने न्या. बबल अल्गीचे गोळे पाण्यात फोडू नका, बाहेर काढून मुळाशी खरवडा. ब्रायोप्सिस खूप असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कोरा करा.

१८. दगडातून काटेरी किडा निघाला, रात्री टकटक आवाजही येतो. सगळं मारून टाकू?

काटेरी ब्रिसल वर्म बहुतेक सफाई कामगार असतात, राहू द्या. फक्त उघड्या हाताने धरू नका. काटे बोटात घुसले तर चिकटपट्टी लावून ओढून काढा. टकटक आवाज पिस्तूल कोळंबीचा किंवा मँटिस श्रिंपचा असू शकतो. मँटिस मासे मारतो. १.०३५ घनतेच्या खाऱ्या पाण्यात दगड एक-दोन मिनिटं बुडवला की खेकडे, मँटिस बाहेर पळतात. नंतर दगड परत नेहमीच्या पाण्यात ठेवा.

१९. त्या टँकमध्ये कॉपर वापरलं होतं, असं आता कळलं. दगड वाया गेला का?

कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ ठेवायचे असतील तर हो, तसंच धरून चला. तांबं चुनखडीत बसतं आणि हळूहळू सुटत राहतं. या जिवांना अगदी थोडंही घातक असतं. ॲसिडने वरचा थर जातो, खोलवरचा राहतो. असा दगड फक्त मासे असलेल्या टँकसाठी ठेवा, आणि पुढे कुणाला दिलात तर हे सांगूनच द्या.

गंजलेले खिळे-तारा असलेला भाग छिन्नीने तोडून टाका. सिमेंटने जोडलेला दगड जुना असेल तर चालतो. नव्या सिमेंटचा पीएच आठवडेच्या आठवडे चढा राहतो.

२०. भाचा मालवणला असतो, तिथून दगड आणेल. नाहीतर कन्हानचे गोटे किंवा गडचांदूरची चुनखडी चालेल का?

मालवण किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, आणू नका आणि भाच्याला त्यात पाडू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भित्तिका बांधणारे सगळे प्रवाळ आहेत. वाघाला आहे तेच संरक्षण त्यांना आहे. वापरलेल्या दगडाच्या ढिगात फांद्यांचे पांढरे प्रवाळ-सांगाडे "शोभेचे" म्हणून मिळत असतील तर तेही सोडा. विक्रेत्याकडून घेताना माल कुठून आला ते विचारा आणि बिल घ्या. मानवनिर्मित दगडाला हा प्रश्नच येत नाही.

कोकणातल्या जांभ्यात लोह भरपूर असतं. आपला काळा पाषाण आणि कन्हानचे गोटे घट्ट असतात, जिवाणूंना आत शिरायला जागा नाही. मनसर परिसरातला दगड मँगनीजमुळे टाळाच. गडचांदूरची चुनखडी ॲसिडच्या थेंबाला फेसाळते, म्हणजे कार्बोनेट आहे, पण सच्छिद्र नाही. पायाला आधार म्हणून एखादा स्वच्छ तुकडा ठेवता येईल, फिल्टर म्हणून उपयोग नाही.

२१. हे सगळं पाणी टाकू कुठे?

ब्लीचचं पाणी थायोसल्फेटने मारून, ॲसिडचं पाणी सोड्याने शमवून, वेगवेगळ्या दिवशी, भरपूर पाण्यासोबत बाथरूमच्या ड्रेनमध्ये. खारं पाणी बागेत ओतू नका, माती खारावते आणि झाडं सुकतात. अंबाझरी, फुटाळा किंवा कुठल्याही तळ्यात यातलं काहीही जाता कामा नये, दगडावरचं खरवडलेलं शेवाळसुद्धा नाही. ते वाळवून कचऱ्यात द्या.